सर्व शाखांना कळावे

गाडेकरांना कोणतीही बातमी सांगा, चांगली किंवा वाईट, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "श्रीगोंद्याला कळलं का?"

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. गाडेकरांनी पेढा तोंडात टाकला, हात झटकले आणि विचारलं, "श्रीगोंद्याला कळलं का, मॅडम?" मी म्हटलं, श्रीगोंद्याला आमचं कोणी नाही. "आपली शाखा हाय ना," ते म्हणाले. "नगरला लग्न ठरलं आन् श्रीगोंद्याला पोरगी अजून बिनलग्नाची, असं चालत न्हाई." त्या संध्याकाळी मला आयुष्यात न पाहिलेल्या माणसांचे अभिनंदनाचे फोन आले. एकाने तर जावयाला बागायती किती हेही विचारून घेतलं.

आमची कंपनी पशुखाद्याची. मुख्य ऑफिस नगरला एमआयडीसीत, शाखा राहुरी, नेवासा आणि श्रीगोंद्याला. कागदावर नगरचं आता अहिल्यानगर झालंय, आणि सर्व्हरवरचं नाव बदलण्याचं काम गाडेकरांनी पहिल्या दिवशीच उरकलं होतं. मी अजून बोलताना नगर म्हणते. तसं म्हटलं की ते माझ्याकडे निरोप न पोचलेल्या शाखेकडे बघावं तसे बघतात.

तर प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर आहे, आणि कंपनीत कोण कामाला आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणी काय उघडायचं आणि काय नाही, हे सगळं त्या प्रत्येक सर्व्हरला माहीत असतं. एका ठिकाणी बदल केला की तो बाकीच्या ठिकाणी आपोआप पोचायला हवा. याला इंग्रजीत रेप्लिकेशन म्हणतात. गाडेकर निरोप म्हणतात. निरोप सगळीकडे पोचला की नाही हे बघणं त्यांचं काम, आणि सकाळी ते बघून झाल्याशिवाय ते चहालाही शिवत नाहीत. नेवाशाचा निरोप अडकला असेल तर आमच्या कॅन्टीनवाल्याला ते आधी कळतं, कारण एक कप तसाच परत येतो.

माणूस किडकिडीत, पन्नाशीच्या आसपासचा. खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. सर्व्हर रूममध्ये एसी सतत चालू, म्हणून बारा महिने स्वेटर आणि कानटोपी. मे महिन्याच्या भर दुपारी, आम्ही सगळे पंख्याखाली उकडून निघत असताना हे महाशय कानटोपीत बाहेर येतात आणि "लई गारठा हाय बुवा" म्हणतात. नवीन माणूस घाबरतोच.

मी स्टाफ विभाग बघते, त्यामुळे माझं आणि त्यांचं रोजचं काम. एकदा मी महिनाभर आजारी होते. परत येऊन कॉम्प्युटर लावला तर तो मला आतच घेईना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी ट्रस्ट तुटल्याचा मजकूर. गाडेकर आले, वाचलं आणि हळहळले.

"मॅडम, तुमच्या मशीनचा विश्वास उडाला."

"कोणावरचा?"

"सर्व्हरवरचा. ह्या दोघांची आपसात एक खूण असती. ती मधूनमधून बदलत्यात. आता त्येची खूण एक आन् ह्येची दुसरीच. भांडण काय झालं न्हाई हं. जुळंना एवढंच."

"मग आता?"

"आता ह्याला घराबाहेर काढायचं, आन् मग मानानं परत आत घ्यायचं." त्यांनी तसं केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. माझ्या माहेरची दोन माणसं मला त्या वेळी आठवली, पण तो विषय वेगळा.

या ट्रस्ट शब्दाने एकदा मोठीच बहार आणली. कंपनीने राहुरीकडची एक छोटी बियाण्यांची कंपनी विकत घेतली. त्यांच्या सर्व्हरला आमची माणसं माहीत नाहीत, आमच्याला त्यांची. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्य करायचं, यालाही ट्रस्टच म्हणतात. गाडेकरांनी टिपण पाठवलं, 'बियाणे कंपनीशी दुतर्फा ट्रस्ट करणेबाबत.' मोठ्या साहेबांनी फक्त विषय वाचला आणि टिपण वकिलांकडे धाडलं. वकिलांनी विचारलं, उद्दिष्टे काय, विश्वस्त कोण, मिळकत किती. गाडेकरांनी इमानदारीत उत्तर दिलं. उद्दिष्ट, त्यांच्या माणसांना आपल्याकडे प्रवेश मिळणे व आपल्यांना त्यांच्याकडे. विश्वस्त म्हणून दोन सर्व्हरची नावं. मिळकत, काही नाही. वकिलांनी त्या दोन्ही विश्वस्तांची आधार कार्डं मागितली. तोवर खरेदी विभागाच्या साहेबांचे मामा आपल्याला विश्वस्त करा म्हणून ऑफिसात येऊन बसले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि रिकामे होते.

पण गाडेकर चिडले की मात्र थट्टा चालत नसे. श्रीगोंद्याच्या ऑफिसचं बांधकाम निघालं तेव्हा तिथला सर्व्हर उचलून गोदामात पेंडीच्या पोत्यांमागे ठेवला होता. तात्पुरता दुसरा लावला आणि जुन्याला सगळे विसरले. वर्षभराने कोणीतरी हौसेने त्याची धूळ झटकून तो पुन्हा चालू केला. गाडेकरांनी नगरहून फोनवर ओरडून त्याची वायर काढायला लावली आणि तसेच मोटारसायकलवर श्रीगोंद्याला गेले. मला काही समजेना.

"मॅडम, तो वरीसभर अंधारात हुता," परत आल्यावर ते म्हणाले. "मधी काय झालं त्येला कायच कळलं न्हाई. शिंदे अण्णा वारले, त्येच्या हिशेबी अण्णा अजून कामावर हायेत. अशाला आत घेतलं तर आपल्याकडंबी गेलेली मानसं उठून बसत्याल."

शिंदे अण्णा श्रीगोंद्याचे जुने कारकून, सगळ्यांचे लाडके. तिथली मंडळी म्हणाली, राहू द्या की अण्णांचं नाव तेवढ्या एका मशीनवर, आठवण म्हणून. गाडेकरांनी ऐकलं नाही. "गेला तो गेला. एका ठिकानी गेला आन् दुसरीकडं हाय, असं करता येत न्हाई." त्यांनी तो सर्व्हर कोरा केला आणि नव्याने भरला. श्रीगोंद्याची माणसं बरेच दिवस त्यांच्याशी तुटकच बोलत. मलाही तेव्हा वाटलं, माणूस जरा कोरडाच आहे.

तसं वाटायला आणखी एक कारण झालं. त्यांची आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला. 'माझी आई काल वारली. सर्व शाखांना कळावे.' सगळ्यांनी हात जोडले. तासाभराने खाली दुसरा संदेश आला. 'नेवाशाची पोच आली नाही.' आम्हाला हसू आवरेना, आणि हसल्याची लाजही वाटली.

त्यांना भाऊ नाही. एक बहीण, पाथर्डीला दिलेली. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. घरी आता फक्त वडील, आणि वडिलांना विसरायला होतं एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं. एकदा वडिलांना ताप आला म्हणून गाडेकर काही दिवस रजेवर गेले, तेव्हा मी मोसंबी घेऊन केडगावला त्यांच्या घरी गेले.

ते फाटकातच उभे होते. कानटोपी नव्हती, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही.

"मॅडम, आत जायच्या आधी एक सांगायचंय," ते हळू आवाजात म्हणाले. "आई गेलीय ह्ये अप्पांना म्हाईत न्हाई."

"म्हणजे? ते घरातच तर होते."

"व्हते की. खांदाबी दिला. दोन दिसांनी विचारलं, तुझी आई कुठंय. मी खरं सांगितलं. लई रडले. दुसऱ्या दिशी परत तेच. परत सांगितलं. त्येनला दरवेळी ते नवीनच, मॅडम. दरवेळी तेवढंच रडायचं, जेवन सोडायचं. मग म्या सोडलं. आई पाथर्डीला गेलीय, ताईच्या बाळंतपनाला, असं सांगतो." त्यांनी फाटकाची कडी सरकवली. "ताईच्या पोराला आता मिसरूड फुटलंय. पन त्येनला ते पटतंय. तेवढं आत कुनी चुकून बोलू नका."

मी मान डोलावली.

अप्पा खाटेवर बसले होते, अंगावर धुतलेला पांढरा सदरा. समोर गोळी आणि पाण्याचा पेला. ती घ्यायला ते सकाळपासून तयार नव्हते. मंडळी आल्यावर तिच्या हातानं घेईन, असा हट्ट होता. गाडेकर त्यांच्यापुढे उकिडवे बसून समजावत होते, आणि नेवाशाच्या माणसावर डाफरणारा आवाज तो हाच यावर माझा विश्वास बसत नव्हता.

"तुमी कुठून आल्या, बाई?" अप्पांनी मला विचारलं.

गाडेकर माझ्याकडे बघू लागले. हा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी खोटं बोलण्यात फार कच्ची आहे. घरचे सगळे त्यावरून मला हसतात.

"पाथर्डीहून," मी म्हटलं.

म्हातारा एकदम सावरून बसला. "आमची मंडळी भेटली का? कशी हाय ती?"

"बऱ्या आहेत. तुमच्या गोळीची चौकशी करत होत्या. वेळेवर घेता ना, असं विचारलंय."

अप्पांनी मुकाट्याने हात पुढे केला. गाडेकरांनी त्यावर गोळी ठेवली, पेला दिला. गोळी घेऊन झाल्यावर अप्पांनी मिशीवरचं पाणी पुसलं. गाडेकर पेला घेऊन आत गेले, आणि आत मोरीवर नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"परत तिकडं जानं व्हईल का तुमचं?" अप्पांनी विचारलं.

"होईल."

"मग तिला म्हनावं, हितं समदं ठीक हाय. यायची घाई करू नको. पोरीला नीट उभी ऱ्हाऊ दे आदी."

"सांगते," मी म्हटलं.