सात नंबरचं छप्पर

अथर्वने बसवलेलं खोकं काढायचं नाही, त्याची भाषा शिकायची, असं मी मंगळवारी सकाळी ठरवलं. (डॉक्टरेट झालेल्या माणसाने निवृत्तीनंतर काही ठरवू नये.)

खोकं म्हणजे मुलाने आमच्या पेणच्या घरात केलेली सोय. मोबाइलवर बोट ठेवलं की दिवे लागत, पंप सुरू होई, गच्चीवरचं कापडी छप्पर उघडे. पुढे कंपनीच बंद पडली, आणि अ‍ॅपही गेलं.

"बारा वाजता हरेश वायरमन येतोय," पद्मजा म्हणाली. "खोकं काढून साधी बटणं लावेल. अहो, पोह्याचे पापड वाळायचेत आणि गच्चीभर सावली!"

"बाराच्या आत मी छप्पर उघडून दाखवतो."

"तुम्ही?"

त्या एका शब्दात माझी चौतीस वर्षांची प्राध्यापकी मावली.

भिंतीवरचं पॅनल दिव्यांपुरतं अजून चालत होतं. ते दाबलं की खोक्याला जोडलेल्या माझ्या लॅपटॉपवर अंकांची ओळ उमटे. दोन तास टिपणं काढली. पहिला अंक म्हणजे कोणाला सांगायचं, दुसरा म्हणजे चालू की बंद, आणि तिसरा या दोघांची बेरीज, निरोप वाटेत बिघडला तर कळावा म्हणून. किती सुबक! (इतकं सुबक आहे म्हणजे माझं चुकलं असणार, असंही वाटलं.) दिवे होते एक ते चार. छपराचा नंबर तेवढा शोधायचा होता.

आमच्याकडे कामाला येणारी मालू पापड घेऊन गच्चीत उभी होती. मी जिन्यातून ओरडलो, "पाच पाठवला! काय झालं का गो?"

"नाय काका!"

"सहा?"

"नाय!"

सात पाठवला आणि वैतागून छपरालाच म्हणालो, "उघड की बाई एकदाचं!"

घरामागून घरघर ऐकू आली. मिनिटभराने वरून आवाज आला, "व्हय, उघडलं!"

मी वहीत सातपुढे 'छप्पर' लिहिलं. पण एका प्रयोगावर विसंबायचं नाही, ही जुनी खोड. "मिट!" मिटलं. "उघड!" उघडलं. असं अकरा वेळा. वहीत नोंद केली: 'सातव्या खेपेनंतर उपकरण मंदावते.' मग छप्पर उघडं ठेवून अर्धा तास वही सुवाच्य अक्षरात उतरवली.

बाराला पद्मजाला आणि हरेशला ऐटीत वर नेलं. छप्पर उघडं होतं, ऊन कडक होतं आणि टाकी भरून वाहत होती. पापड होड्यांसारखे पन्हळीकडे निघाले होते. एका हाताने ते गोळा करत मालू दुसऱ्या हाताने खांदा चोळत होती. शेजारी छपराचं हाताने फिरवायचं हँडल लोंबत होतं.

"अकरा येळा फिरवलं, काका! उघड काय, मिट काय! पापड वाळवायचे हायत का माझा खांदा काढायचा हाय?"

हरेशने छपराची मोटर हुंगली. "सर, ही तर कधीच जळलीय. टाकी वाहतेय, म्हणजे सात नंबर पंपाचा हाय."

"म्हणजे सात बरोबर होता!" मी म्हणालो.

पद्मजाने ओला पापड माझ्या वहीवर ठेवला. "हरेश, काढ खोकं."

आता सगळीकडे साधी बटणं आहेत. छपराला मात्र एकच निरोप पुरतो: "मालू गो, छप्पर!" वरून "व्हय" येतं आणि छप्पर उघडतं. परवा हा निरोप मीही पाठवून पाहिला.

उत्तर आलं, "आधी काकींना इचारा."