वास घेणारं यंत्र

फाइवाने वालिसी आत्याच्या तळहातावरून कापडाची पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली, आणि यंत्र बोंबललं. लाल दिवाही लागला. रांगेतले सगळे एक पाऊल मागे सरकले.

नुकुटोआ बेटाच्या विमानतळावर तपासणी म्हणजे इतकी वर्षं फाइवा आणि एक टेबल. पिशवी उघडायची, आत बघायचं, हसायचं, बंद करायची. काचेपलीकडे धावपट्टीवर पोरं व्हॉलीबॉल खेळतात, बायका चटया टाकून वाऱ्याला बसतात. विमानाचा भोंगा झाला की सगळे उठतात, ते गेलं की परत बसतात. अशा ठिकाणी बोटीतून हे यंत्र आलं, स्फोटकं नुसत्या वासावरून ओळखणारं. एवढ्या किमतीत गावभर पावसाच्या पाण्याच्या टाक्या झाल्या असत्या, असं म्हातारे कुजबुजत होते. पण यंत्र समोर आल्यावर तेही गप्प झाले. आपल्या हाताला काय काय लागलंय हे ज्याला कळतं, त्याच्यापुढे तोंड कोण उघडणार? खरं सांगायचं तर आम्ही सगळेच दिपून गेलो होतो.

पाहुण्याचा मान आमच्याकडे ठरलेला आहे. गळ्यात फुलांची माळ, अंगावर अत्तर आणि मानेखांद्यांवर मुठीने टाल्कम पावडर. यंत्राबरोबर ब्रिस्बेनहून आलेले पेथरिक साहेब आजच्याच विमानाने परत जायचे होते, म्हणून सकाळी त्यांचा असा मान झाला. मग बायकांच्या मनात आलं की यंत्रही पाहुणंच की. त्यांनी त्यालाही माळ घातली, अत्तर शिंपडलं आणि डबाभर पावडर त्याच्या डोक्यावर रिकामी केली. साहेब तेव्हा शहाळं पीत होते.

तर यंत्र बोंबललं, आणि साहेबांनी मान हलवली. यंत्र वाजलं की माणूस जाणार नाही, नियम म्हणजे नियम. आत्या पांढरीफटक पडली. तिकडे सुवा शहरात तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आज-उद्यावर आलेलं, आणि पुढचं विमान पुढच्या आठवड्यात. फाइवाचीही हालत वाईट होती. बाप समुद्रावरून परत आला नाही तेव्हापासून याच आत्याने त्याला वाढवलं होतं.

आत्याने यंत्राकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कळलं वाटतं त्याला. बाळाच्या दुपट्यात सुकी मासळी आहे. पण तीन पदरी गुंडाळलीय रे, वास येईल कसा?"

फाइवाने मासळी काढून ठेवली आणि पुन्हा पट्टी फिरवली. यंत्र पुन्हा बोंबललं. आत्या खाली मान घालून बाजूला बसली.

पुढचे पेनिएली पाद्रीबाबा. ते आम्हाला रोज सांगतात की देवाला सगळं दिसतं, पण दिवा कधी लागला नव्हता. त्यांच्या हाताला यंत्र वाजलं तेव्हा ते घामाघूम झाले. त्यांनी एकदा यंत्राकडे, एकदा फाइवाकडे बघितलं.

"फाइवा, तुझ्या होडीचं इंजिन समुद्राने नेलं नव्हतं," ते म्हणाले. "ते चर्चच्या होडीला लावलंय. वर निळा रंग मारला."

"आणि त्या रविवारी प्रवचन कशावर दिलंत?" मागून कोणीतरी विचारलं.

"गेलेल्या वस्तूचा शोक करू नये यावर," पाद्रीबाबा म्हणाले.

फाइवा हातातल्या पट्टीकडे बघत राहिला. तेव्हा आत्या उठली. "त्यांना बोल लावू नकोस. मीच दिलं नेऊन. तू रोज लांब लांब जायला लागला होतास, बापासारखा. मला ते बघवत नव्हतं."

मग रांगेतला एकेक जण पुढे आला, यंत्र एकेकाला वाजलं आणि जो तो आपणहून बोलून मोकळा झाला. कोणाचं डुक्कर खरं कोणाचं होतं, तेही त्या दिवशी कळलं. आमच्या पंचांनी वर्षभर बसूनही जे निघालं नव्हतं ते एका दुपारी निघालं. टाक्यांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

बाहेर वैमानिक घड्याळ दाखवत होता. साहेब वैतागले. यंत्रच बिघडलंय म्हणत त्यांनी पट्टी स्वतःच्या हातावरून फिरवली. यंत्र जोरात बोंबललं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तुमची ती पावडर असणार," साहेब म्हणाले.

आत्याला त्यांची दया आली. "बोलून टाका, साहेब. हलकं वाटतं."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उगाच उघडलं, मिटलं. काचेपलीकडे निरोप द्यायला आलेलं अर्धं गाव धावपट्टीवरून चालत येऊन विमानाच्या पंखाखाली सावलीला बसलं होतं.

"एवढ्या लहान विमानाला हे यंत्र लागतच नाही," ते शेवटी म्हणाले. "आमच्या गोदामात एक पडून होतं. इथे गरज आहे असं मीच लिहून दिलं."

मग अडवायला काही उरलंच नाही. माणसं भराभर विमानाकडे निघाली. साहेब यंत्र परत न्यायचं म्हणाले, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांना साफ सांगितलं की ते आता पंचांच्या बैठकीत लागेल.

आत्या मात्र टेबलापाशीच उभी होती. "रागावलास?" तिने विचारलं.

फाइवाने पट्टी स्वतःच्या तळहातावरून फिरवली आणि यंत्रात घातली. यंत्र बोंबललं.

"आता तुझं काय?" आत्या म्हणाली.

"इंजिन मी तेव्हाच ओळखलं होतं, निळ्या रंगाखालीसुद्धा. मागायलाही निघालो होतो. पण तू रात्री झोपायला लागली होतीस, आत्या. मग आलो इकडे, पिशव्या उघडायला."