रेवणप्पांचं जर्मन

जर्मनीशी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात रेवणप्पांनी निजामाचे बारा आणे हाली मोजून रद्दीतून एक इंग्रजी-जर्मन व्याकरण घेतलं. हजर होतो मी आणि रद्दीवाला. पुस्तकाला मागची पानं नव्हती. मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "निम्मं तर निम्मं, शेट. आधी एवढं तर येऊ द्या."

रेवणप्पा माझे शेजारी. कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले कारकून. मराठी, कानडी, उर्दू येत होतं; जर्मन माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्याच वर्षी त्यांची एकुलती लेक बाळंतपणात गेली. तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, गौरम्मांनी, बोलणं टाकलं होतं. अशा घरात हा माणूस ओट्यावर बसून 'देअर, देस, देम, देन' करतो, म्हणून गल्ली नावं ठेवायची. मीही ठेवली.

दिवेलागणीला मला हाक यायची. पुस्तक माझ्या हातात, पाठ त्यांच्या तोंडी. "आपल्या विभक्त्या आठ, त्यांच्या चारच. निम्म्यात भागतंय बघा!"

भागत नव्हतं. प्रत्येक नामाआधी 'देअर'सारखा एक शब्द, तो लिंगाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे बदलणारा. तीन लिंगं, वर अनेकवचन. मी गुणाकार केला, घरं झाली सोळा. त्यांत राहायला शब्द मात्र सहाच. एकच भाडेकरू चार-चार खोल्यांत सापडायचा. दिवसभर दुकानात तागडी धरल्यावर हे सोसणं माझ्या जिवावर यायचं.

एकदा कचेरीतून पोलीस जमादार आला. "जर्मनवालों से मिले हुए हो क्या?"

"कहाँ के मिले, जमादारसाब! अब्बी तिसरी विभक्तीच में अटके हैं."

जमादार चहा पिऊन गेला.

खरोखरच ते जर्मनच्या तिसरीत, म्हणजे आपल्या चतुर्थीत, अटकले होते. 'मी लेकराला दूध देतो' हे एकच वाक्य. तिथं 'लेकराला' म्हणून 'देम किंड' हवं, हे म्हणायचे 'देस किंड'. मग चुलीपुढून गौरम्मांचा आवाज यायचा, "देम." त्यांचे वडील मठात पोरांना कानडी वचनं तोंडपाठ शिकवत. म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथं सुधारायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. ऐकून ऐकून त्यांना हेही पाठ झालं होतं. अप्पा मान हलवायचे आणि पुढच्या ओळीत पुन्हा चुकायचे.

एका संध्याकाळी मी फार दमलो होतो. अप्पांनी 'देस' म्हटल्याबरोबर मी खेकसलो, "देम, अप्पा, देम! किती दिवस तेच?"

आत एक भांडं वाजलं. मग काहीच नाही. अप्पांनी पुस्तक मिटलं आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

"शेट, तुमचा हिशोब बरोबर हाय. पण माझी चूक तुम्ही काढली तर ती कशाला बोलंल?"

"म्हणजे तुम्हाला येतंय?"

त्यांनी सोळाच्या सोळा घरं खालच्या आवाजात एका दमात म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं. "देस किंड," अप्पा म्हणाले. आतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, जवळजवळ ओरडलेच.

"देम," आतून आलं. जरा थांबून, "आन ओरडू नका. शेट दमल्यात, त्यांना च्या घ्या म्हणावं."

अप्पा माझ्याकडे न बघता उपरण्यानं चष्मा पुसत राहिले.

दिवाळीआधी मी माल आणायला सोलापूरला निघालो, तर अप्पा वाटेत उभे. "एक पुस्तक बघा, शेट. कोणतीबी भाषा चालंल, पण अवघड पायजे. ह्यात आता चुकायला काय उरलं न्हाय."

तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला मी एका जाड व्याकरणाचा सव्वा रुपया इंग्रजी कलदार दिला. अप्पांकडून घेतला नाही.