शटर अंकल

सोनावणे साहेबांना उद्घाटनाला बोलवायचं नाही, हा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नेरूळमधल्या आमच्या चारही विंग तो एकमताने पाळतात.

त्याचं मूळ जिममध्ये आहे. सोसायटीनं तळमजल्यावर जिम काढली. नवी कोरी ट्रेडमिल आली, तिला झेंडूची माळ घातली. सेक्रेटरींनी रिबीन कापली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले. सोनावणे साहेबांनी पेढा तोंडात टाकला, ट्रेडमिलभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "छान झालं. आता हे बंद कसं करणार?"

सेक्रेटरींनी लाल बटण दाखवलं.

"बटण नाही हो. जिम बंद कशी करणार? उद्या लोक यायचे थांबले, मशीन मोडलं, तर बाहेर कसं काढायचं? हे आत आलं तेव्हा ही भिंत नव्हती. आता दार केवढं, मशीन केवढं!"

पुढे तसंच झालं. ट्रेडमिल वर्षभरात मोडली आणि अजून आतच आहे. वॉचमन तिच्यावर युनिफॉर्मचा शर्ट वाळत घालतो. पण म्हणून कोणी साहेबांना शाबासकी दिली नाही. अशुभ बोलणं खोटं ठरलं तर लोक हसून सोडून देतात, खरं ठरलं की माफ करत नाहीत.

सोनावणे साहेब माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर. मूळचे नांदेडकडचे. डिप्लोमा करून इकडे आले आणि तुर्भ्याला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना त्यांनी बरीच वर्षं चालवला, एवढं मला माहीत होतं. बायको वारली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. अंगानं सडपातळ, शर्ट कायम इस्त्रीचा, खिशात एक छोटी पट्टी. ही पट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजायला." 

वॉशिंग मशीन घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानातल्या मुलानं चौदा प्रोग्रॅम समजावले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लई छान. आता आत पाणी आहे, कपडे आहेत आणि लाइट गेली. दार कसं उघडायचं?" मुलानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं पुस्तक काढलं. शेवटी दुकानातच प्रयोग झाला आणि आम्ही दोघं ओल्या चपलांनी घरी आलो. मशीन मात्र तेच घेतलं. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये 'बंद कसं करणार' हा प्रश्न त्यांनी अजून कोणाला विचारलेला नाही. स्टेजवर मी त्यांच्या शेजारीच उभा असतो.

असा माणूस नव्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवणाऱ्या मंडळात असावा, हा विनोद मी केलेला नाही. तो मेहता साहेबांनी केला. महाप्याला मेहतांचं मोठं ऑफिस आहे. तिथे महिन्यातून एका शनिवारी पाच जण जमतात: मेहता, एक दाताचे डॉक्टर, एक बिल्डर, औषधांच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या एक बाई आणि सोनावणे साहेब. सॉफ्टवेअरच्या अगदी कोवळ्या कंपन्या त्यांच्यापुढे येऊन आपली कल्पना मांडतात. पटली तर मंडळ पैसे घालतं. मी त्यांचा बिनपगारी चिटणीस. आलेली सादरीकरणं, म्हणजे त्यांच्या भाषेत पिच डेक, आधी मी चाळतो आणि बरी वाटतील तेवढी पुढे पाठवतो.

शंभरेक डेक वाचल्यावर माणसाचं मन जरा निबर होतं. प्रत्येक डेकमध्ये एक आलेख असतो, जो दोन वर्षं जमिनीला चिकटून चालतो आणि तिसऱ्या वर्षी एकदम भिंत चढतो. एक तक्ता असतो, त्यात बाकी सगळ्या कंपन्यांपुढे फुल्या आणि यांच्यापुढे बरोबरच्या खुणा. शेवटी 'थँक यू', आणि त्याच्याखाली तीन हसरी पोरं, हाताची घडी घालून. मला ती पोरं आता दुकानातल्या शर्टांसारखी ओळखू येतात, कुठलं माप कोणाला बसेल तेही कळतं. मी हे अभिमानानं सांगत नाही.

सोनावणे साहेब पडद्याकडे बघतच नाहीत. ते डेकची छापील प्रत मागतात, उलटी ठेवतात आणि डोळे मिटून ऐकतात. 'थँक यू' आलं की डोळे उघडतात. "छान. आता बंद कसं करणार, तेवढं सांगा."

एक मुलगा खुशीत म्हणाला, "सर, एक्झिट आहे ना! अकरावी स्लाइड. पाच वर्षांत मोठी कंपनी आपल्याला विकत घेईल."

"ते तुम्ही कसे बाहेर पडणार ते झालं. बाकीचे कसे पडणार?"

"बाकीचे कोण, सर?"

साहेबांनी पुन्हा डोळे मिटले. त्या मुलाला नकार गेला, तो साहेबांमुळे नाही, पण त्याला तसंच वाटलं असणार. दुसऱ्या एकानं छाती काढून सांगितलं की आम्ही अपयशाचं प्लॅनिंगच करत नाही. साहेब म्हणाले, "मी पण नव्हतं केलं." तिसऱ्याच्या पहिल्याच स्लाइडवर गणपती होता. तो सरळ चिडला आणि शुभ कामात असं बोलू नका म्हणाला. मेहतांनी त्याच्यासाठी खास मसाला दूध मागवलं.

होता होता पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचं नाव 'शटर अंकल' पडलं. मेहतांना हे कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. "सोनावणे भाई, तुम्ही एकदा तरी हो बोला ने! चांगली चांगली पोरं आपल्याकडे येत नाहीत." खरंच, मंडळात आल्यापासून साहेबांनी एकदाही हात वर केला नव्हता. मलाही वाटायचं, या माणसाला पैसे घालायचे नाहीत, फक्त शनिवार घालवायचा आहे. तसं असतं तरी मी त्यांना नावं ठेवली नसती. मीही त्यासाठीच जातो.

मग रूपाली म्हात्रे आली.

रूपाली नेरूळच्याच जुन्या गावठाणातली. कंपनी तिची, काम करणारी माणसं सात. डेक दिसायला वाईट होता. अक्षरं तीन प्रकारची, चौथी स्लाइड चुकून कोरी. पण कल्पना साधी होती. कारखान्यात चालू मशीनजवळ मोबाइल धरायचा, तिचं सॉफ्टवेअर आवाज ऐकून सांगणार की आतलं काय बिघडत चाललंय. मशीन बंद पडायच्या आधीच दुरुस्ती होते. तुर्भ्याचे दहा-बारा छोटे कारखाने ते वापरतही होते. तिच्याकडे चार महिन्यांपुरते पैसे उरले होते आणि बाकी सगळीकडून नकार आले होते. आमचं मंडळ तिचं शेवटचं दार होतं. हे तिनं मला फोनवर सांगितलं, रडका सूर न लावता, म्हणून मी डेक पुढे पाठवला.

तिनं तीन आवाज ऐकवले. "हा चांगला मशीन. ह्याचा बेअरिंग चाललाय. आनि हा तिसरा, ह्याचा पन बेअरिंग."

सोनावणे साहेबांनी डोळे उघडले. 'थँक यू'च्या आधी ते उघडलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. "तिसऱ्याचं बेअरिंग नाही. पट्टा ढिला आहे."

रूपाली हसली. "बरोबर, सर. सगळीकडे मुद्दाम चुकीचा सांगते मी. आतापर्यंत कोनी पकडला नवता."

मेहतांना हे आवडलं नाही, पण बाकीचे सरसावून बसले. वीस मिनिटं प्रश्नोत्तरं रंगली. बिल्डरनं तर आपल्या साइटवरच्या लिफ्टचा आवाज चालेल का, असंही विचारलं. मला वाटलं, हिचं काम झालं. आणि साहेबांनी उलटी ठेवलेली प्रत बाजूला सारली.

"छान. आता बंद कसं करणार?"

रूपालीनं बॅग जवळ ओढली. मग म्हणाली, "लिहिलाय मी, सर. डेकमध्ये टाकू नको बोलले सगळे." तिनं बॅगेतून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला आणि वाचायला लागली. "पैसे तीन महिन्यांचे उरले की त्याच दिवशी सगळ्यांना सांगायचा. मेसेज नाय करायचा, समोर बसवून सांगायचा. आधी संदीपला, त्याच्या बायकोला सातवा महिना हाय. आमिना, हिच्यासाठी महाप्याच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवलाय. योगेशला दुसरीकडे घेतील, पन त्याला मुलाखत देता येत नाय, त्याची तयारी मी करून घेनार..." असे सात जण. प्रत्येकापुढे दोन ओळी. शेवटी कारखान्यांची यादी होती, त्यांना सॉफ्टवेअर बंद व्हायच्या आधी आपापला डेटा कसा द्यायचा त्याची.

डॉक्टरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पैसे तीन महिन्यांचे उरायला महिनाच बाकी होता, हा हिशेब सगळ्यांनीच केला असणार.

तिला बाहेर बसवून मतं घेतली. मेहता म्हणाले, "हिचा स्वतःचाच विश्वास नाही. बुडायची लिस्ट बॅगेत घेऊन फिरते!" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली, बाईंनीही. लिफ्टवाला बिल्डर म्हणाला की मुलगी चांगली आहे, पण मेहतांचं बरोबर आहे. हात वर एकच आला, सोनावणे साहेबांचा. मला मत नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवशी ते नव्हतं याचं मला बरं वाटलं.

नकार सांगायचं काम चिटणिसाचं. मी खाली गेलो तर रूपाली इमारतीबाहेरच्या टपरीवर चहा घेत होती. माझा चेहरा बघून तिनंच मान डोलवली. "चालंल, सर. सोमवारी बसवते सगळ्यांना. महिना कशाला थांबू?"

तेवढ्यात सोनावणे साहेब आले. माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "मंडळाचं मंडळाजवळ. मी एकटा देतो. तुम्ही मागितले तेवढे नाही जमणार, पण वर्षभर निघेल."

रूपालीनं कप खाली ठेवला. "का, सर?"

साहेबांनी टपरीवाल्याला एक चहा सांगितला. मग सांगायला लागले, मशीनचा भाग समजावून द्यावा तसं, सपाट आवाजात. "माझा कारखाना बंद पडला तेव्हा एकोणचाळीस माणसं होती. निम्मी माझ्या गावाकडची, मीच आणलेली. मला सहा महिने आधी माहीत होतं. रोज ठरवायचो, उद्या सांगू. एका संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर गेटवर कागद चिकटवला, कुलूप घातलं आणि बहिणीकडं नांदेडला निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्याला सगळे डबे घेऊन कामावर आले. मी नव्हतो तिथं. वॉचमननं फोनवर सांगितलं, दुपारपर्यंत बसले होते म्हणे. साहेबाचं काहीतरी बरं-वाईट झालं असंल, म्हणून."

टपरीवाल्यानं मध्येच चहा पुढे केला. साहेबांनी तो घेतला.

"नंतर एकेकाला शोधलं. देणं होतं ते दिलं. बायको तोवर वारली होती. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका स्वतः जाऊन दिल्या, एकोणचाळीस. एक जण आला. पाकीट दिलं, जेवला नाही, गेला."

मी इतकी वर्षं या माणसाच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. स्टेजवर त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांना गप्प ठेवण्यात मला मोठी हुशारी वाटत होती. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

"माझी अट एकच," साहेब म्हणाले. "मला हिशेब नको, मीटिंग नको. पण तुम्ही त्या सात जणांना समोर बसवाल, त्या दिवशी मला बोलवायचं. मी तुमच्या शेजारी बसणार. काही बोलणार नाही. नुसता बसणार."

"तो दिवस येनार नाय, साहेब." सरचं साहेब झालेलं माझ्या लक्षात आलं.

"नाही आला तर उत्तमच. पण आला तर."

रूपालीनं बॅगेतला कागद काढला, टपरीच्या फळीवर पसरला आणि पेन शोधलं. सातव्या नावाखाली तिनं आठवा आकडा घातला आणि लिहिलं, 'सोनावणे साहेब'. पुढे काय लिहावं याचा थोडा विचार केला. मग इतरांसारख्याच दोन ओळी लिहिल्या आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. मीही वाकून वाचला.

'यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगायचं. एकटे असतात, जेवण होईपर्यंत थांबायचं.'

सोनावणे साहेबांनी ते वाचलं, कागदाची चार घड्यांची घडी नीट पहिल्यासारखी केली आणि तिला परत दिली. हातातला चहाचा कप कुठे ठेवायचा, हे मात्र त्यांना बराच वेळ सुचेना. शेवटी तो मीच घेतला.