शेवट थंडानं

अंजलीची अट सोपी होती. उद्या ती पुण्याला परत जाणार. त्याआधी बाबा स्वतःच्या पायांनी तीन मजले उतरले तर नाशकात राहतील, नाहीतर तिच्याबरोबर येतील. गंगापूर रोडच्या त्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, सावळीरामांच्या टाचा दुखत होत्या आणि बायको शकुबाई गेल्यापासून सात महिने ते खाली उतरलेच नव्हते. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"शकूचा उपाय करतो," बाबा म्हणाले. "तीन मिनिटं गरम पाणी, एक मिनिट थंड. असं चारदा. थंड पाणी दर वेळी ताजं, आणि शेवट थंडानंच."

आई हे वीस वर्षं सांगत होती आणि बाबा वीस वर्षं टाळत होते. अंजलीने दोन टब भरले.

सावळीराम रेल्वेत गार्ड होते, इगतपुरीहून रिटायर झालेले. नुसतं घड्याळ बघून पाय बदलणं त्यांना पटेना. त्यांनी कपाटातली शिट्टी काढली. तीन मिनिटं झाली, शिट्टी. पाय डिसेंबरच्या गार पाण्यात. एक मिनिट झालं, शिट्टी; पाय पुन्हा गरमात.

पण त्या बिल्डिंगमध्ये शिट्टीचा अर्थ एकच होता: टाकी आटत आलीय, भरून घ्या. वॉचमन पुंजा तशी वाजवायचा. पहिल्या शिट्टीला हंडे भरले गेले, दुसरीला बादल्या, पाचवीला कुकर. काठोकाठ भरलेली टाकी सातव्या शिट्टीपर्यंत खरोखरच आटली.

शेवटच्या पाळीसाठी अंजलीने टब ओतून नळ सोडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला.

"मोटर लावली की अर्ध्या तासात येईल, बाबा."

"अर्धा तास? शेवटच्या स्टेशनाबाहेर गाडी उभी करू?"

"फ्रिजमधली बाटली देऊ?"

"दोन पाय आणि एक बाटली! शकूनं चालवून घेतलं असतं?"

ती शेजारी पाणी मागायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी, आणि ओल्या पावलांची रांग जिन्याकडे गेलेली.

खाली हौदातून भरलेल्या पुंजाच्या बादलीत पाय सोडून बाबा घड्याळ बघत होते. भोवती अर्धी बिल्डिंग जमलेली. सगळ्यांत पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या लंकाबाई.

"भाऊ, शिट्टी तुमची व्हती? मी चहाच्या किटलीतबी पाणी भरून ठेवलं! ह्यो काय खेळ हाय का?"

"वीस सेकंद थांबा, लंकाबाई. मग भांडा."

वीस सेकंद सगळे गप्प उभे राहिले. लंकाबाईसुद्धा. मग बाबांनी शिट्टी फुंकली आणि वर कुठेतरी कुणीतरी पुन्हा नळ सोडला.

"बाबा, तुम्ही उतरलात," अंजली म्हणाली.

"मग? पाणी खाली होतं."

जन्मभर आईचं न ऐकलेला माणूस तिचं एक वाक्य पुरं करायला तीन मजले उतरला होता.

"बॅग रिकामी कर माझी."

"करते. पण आता वर कसे चढणार?"

बाबांनी जिन्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"अट उतरायची होती," ते म्हणाले. "पुंजा, खुर्ची आण, आणि उचलायला चौघं."