अकरा वेळा डिस्चार्ज

माणूस आजारी एकटाच पडतो, पण त्याला बरं करायला अनेक जण लागतात. आणि जिथे अनेक जण लागतात तिथे आधी समिती लागते. हे सत्य आमच्या दवाखान्याला जरा उशिराच कळलं. तोवर डॉक्टरकीची मुलं डॉक्टरकी शिकत, नर्सिंगच्या मुली नर्सिंग, फार्मसीवाले औषधं, फिजिओथेरपीवाले हातपाय, लॅबवाले रक्त-लघवी आणि आहाराच्या मुली पथ्यपाणी. शिकायचे सहा इमारतींत आणि भांडायचे एकाच खाटेशी येऊन. ते भांडत असतानाच पेशंट बरा होऊन घरी निघून जायचा. या सगळ्याला काही शिस्त म्हणून नव्हती.

म्हणून सामाईक अभ्यासक्रम करायचं ठरलं. सहाही शाखांच्या मुलांनी काही धडे एकत्र गिरवावेत, एकमेकांचं काम समजून घ्यावं, एकमेकांचा मान राखावा. यात हसण्यासारखं काही नाही. मी इथे एकतीस वर्षं स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची ढकलतो आहे (मला सगळे मामा म्हणतात, डीनसुद्धा), आणि इतकी चांगली कल्पना इतक्या भल्या माणसांनी इतका वेळ घेऊन राबवलेली मी दुसरी पाहिली नाही.

समितीच्या चौदा महिन्यांत एकोणचाळीस बैठका झाल्या. पहिल्या नऊ टेबलापायी गेल्या. लांब टेबल असलं की कोणीतरी टोकाला बसतं, आणि टोकाला बसलेला स्वतःला प्रमुख समजायला लागतो. म्हणून गोल टेबल आणलं. गोल टेबलाला टोक नसतं हे खरं, पण पंख्याखालची जागा असतेच. शेवटी पंखा बंद ठेवायचं ठरलं. (समितीचा हा पहिला एकमताचा निर्णय. इतिवृत्तात त्याला चौकट आहे.) पुढच्या सहा बैठका पेशंटला काय म्हणायचं यावर झाल्या. डॉक्टर 'केस' म्हणायचे, नर्स 'मावशी', फिजिओवाले 'मॅडम', लॅबवाले 'सँपल', आहारवाल्या बाई 'बिनमिठाचं', आणि फार्मसीवाले खिडकीतून नुसतं 'पुढचा' म्हणायचे. सर्वांना चालेल असा शब्द अखेर सापडला: 'लाभार्थी'. लाभ नेमका कोणाला, हा विषय पुढच्या बैठकीवर टाकला.

पहिला सामाईक धडा निवडला तो डिस्चार्जचा. निवड बिनतोड होती, कारण पेशंटला घरी पाठवताना सहाही शाखांना काम असतं. डॉक्टर कागद लिहितो, नर्स हातातली सलाइनची सुई काढते, लॅबवाला शेवटचा रिपोर्ट देतो, फार्मसीवाला गोळ्या समजावतो, फिजिओवाला चार पायऱ्या चढवून बघतो आणि आहारवाली काय खाऊ नये ते सांगते. मग मी खुर्चीवरून फाटकापर्यंत सोडतो. (ढकलणं अभ्यासक्रमात बसत नाही. मी अर्ज केला होता.)

धडा खरा वाटावा म्हणून खऱ्या पेशंटवर आणि खऱ्या फॉर्मवर घ्यायचा ठरला. सरावाचा फॉर्म वेगळा छापायचा, तर त्याचा मसुदा करायला उपसमिती नेमावी लागली असती, आणि उपसमितीला बसायला टेबल.

लाभार्थी म्हणून नऊ नंबरच्या बाई मिळाल्या. बाई शिवणकाम करणाऱ्या, स्वतःचं छोटं दुकान, वय बावन्न. ठणठणीत बऱ्या झाल्या होत्या आणि सोमवारी घरी जायच्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर फिटर. तीन वर्षांनी रजेवर आला, तर बहीण दवाखान्यात आणि घराला कुलूप. शेजारणीकडून किल्ली घेऊन तो एकटाच घरात राहत होता आणि शनिवारी पहाटेच्या गाडीने परत जहाजावर निघणार होता.

"मला काही नको, मामा," बाई मला म्हणाल्या होत्या. "एक वेळ त्याला समोर बसवून गरम जेवायला घालायचंय. नुसता पाव खाऊन राहतोय मेला."

मी म्हटलं, "सोमवारी जाताच आहात की."

सोमवारी सकाळी पहिली तुकडी आली. प्रत्येक शाखेचा एक, असे सहा जण. धडा उत्तम झाला. डॉक्टरकीच्या मुलाने कागद लिहिला आणि बाकी पाच जणांनी त्याला शाबासकी दिली, कारण अभ्यासक्रमात तसं लिहिलेलं होतं. बाईंनी बांगड्या मागे सारल्या, पिशवी मांडीवर घेतली, मी खुर्ची फाटकापर्यंत नेली. तिथे समितीच्या बाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या.

"सुंदर!" त्या म्हणाल्या. "मामा, आता परत न्या. दुसरी तुकडी खोळंबली आहे."

"परत?" नऊ नंबरच्या बाई म्हणाल्या. "अहो, मला घरी पाठवलं ना आत्ता?"

"पाठवलं ना. आता दुसरे पाठवतील."

सोमवार ते बुधवार रोज तीन आणि गुरुवारी दोन, अशा अकरा तुकड्यांनी बाईंना घरी पाठवलं. दर वेळी फाटकापर्यंत. मुलांनी मनापासून काम केलं, हे मी शपथेवर सांगेन. फिजिओच्या मुलांनी बाईंना एकूण चव्वेचाळीस पायऱ्या चढवल्या. सुई पहिल्याच तुकडीने काढलेली असल्यामुळे बाकीच्या दहा तुकड्यांसाठी ती नव्याने टोचून ठेवावी लागली. लाभार्थीच्या चेहऱ्यावरचं समाधान तुकडीगणिक मोजलं: पहिल्या तुकडीला नव्वद टक्के, पाचवीला चाळीस, नवव्या तुकडीच्या वेळी लाभार्थीने तोंड भिंतीकडे फिरवल्यामुळे मोजणी होऊ शकली नाही.

भेटीची वेळ चार ते पाच. त्या वेळच्या तुकड्यांना भाऊही आयता मिळायचा, म्हणून 'नातेवाइकांचं समुपदेशन' हा धडा त्याच्यावर चार वेळा झाला.

"जड उचलायला लावू नका, मीठ कमी, आणि मन प्रसन्न ठेवा," आहाराच्या मुलीने चौथ्यांदा सांगितलं.

"कोणाचं?" भाऊ म्हणाला. "हिचं कधीच गेलंय. माझंही जायच्या बेतात आहे."

"अरे, तिला बोलू नको," बाई भावावर खेकसल्या. "पोरीची परीक्षा आहे. आणि तू, बाळ, जरा खांदे सैल सोडून बोल. भीती वाटते ऐकणाऱ्याला." त्या मुलीला त्या तुकडीत सर्वांत जास्त गुण मिळाले.

शुक्रवारी सराव संपला. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी खरा डिस्चार्ज लिहून रेकॉर्डच्या क्लार्ककडे पाठवला. कागद घेऊन मीच गेलो. क्लार्कने रजिस्टर उघडलं, बोट फिरवत नेलं आणि चष्मा काढला.

"मामा, नऊ नंबर सोमवारीच घरी गेलीय."

"नाही हो, वर बसलीय खाटेवर."

"त्यानंतरही दहा वेळा गेलीय. सगळे फॉर्म पूर्ण भरलेले, सहा-सहा सह्या. इतकं स्वच्छ काम मी नोकरीत पाहिलं नाही."

"मग आता आणखी एकदा पाठवा."

"जी आत नाही तिला बाहेर कशी काढू?" क्लार्क म्हणाला. "आधी भरती दाखवा."

माणूस कायद्याला धरून बोलत होता. भरती करायची तर आजार हवा. डॉक्टरीणबाईंनी लगेच बाईंना तपासलं. ताप नाही, दुखणं नाही, भूक चांगली. त्यांनी बाकीच्या पाच शाखांनाही बोलावून घेतलं. सहाही जणांनी एकमेकांचा मान राखत दोन तास कसून शोध घेतला, पण बाईंना काहीही झालेलं नाही यावर त्यांचं संपूर्ण एकमत झालं. सामाईक अभ्यासक्रमाचं असं यश मला आजवर दिसलं नव्हतं. थोडक्यात, बाई बऱ्या असल्यामुळे भरती होऊ शकत नव्हत्या आणि भरती नसल्यामुळे घरी जाऊ शकत नव्हत्या. प्रकरण समितीकडे गेलं. समितीची बैठक मंगळवारी होती. भावाची गाडी शनिवारी पहाटे.

दुपारी जेवणाची गाडी आली ती नऊ नंबरला वळसा घालून पुढे गेली. यादीत खाट रिकामी होती. बाईंनी माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं आणि भाजीत तेल जास्त आहे असं सांगितलं. तुम्ही सरळ उठून चालू लागा, असंही मी त्यांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "फाटकावर वॉचमन आहे ना. आजच्या शिक्क्याचा कागद दाखवल्याशिवाय पेशंटला सोडत नाही. सकाळीच फाटकावरून परत पाठवलंय त्याने मला."

चार वाजता भाऊ आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच डोळ्याला पदर लावला. "जा रे तू. वेळेवर जेव. मी पुढच्या वेळी करीन काहीतरी."

"पुढची वेळ म्हणजे तीन वर्षं, ताई."

मग तो खाटेचा ढिला स्क्रू बोटांनी पिळत बसला. जहाजावर इंजिन बंद पडलं की असाच बसत असेल. एकाएकी त्याने मला विचारलं, "मामा, रजिस्टरात ताई पेशंट नाही ना?"

"नाही."

"मग पेशंट नाही आणि स्टाफही नाही, तर ही इथे कोण आहे?"

भाऊ उठला, बहिणीची पिशवी उचलून तिच्याच खांद्याला लावली, तिला स्वतःची टोपी घातली आणि तिला खाटेशेजारच्या स्टुलावर बसवलं. स्वतः दुसऱ्या स्टुलावर बसला. मधे रिकामी खाट. पाचची घंटा झाली. वॉचमन काठी आपटत वॉर्डातून निघाला. रोज याच वेळी तो असा यायचा आणि भेटीला आलेल्यांना गुरांसारखं बाहेर काढायचा. दोघं स्टुलांवर ढिम्म बसून राहिली.

"ओ बाई! पाच वाजले, ऐकू येत नाही का?"

"बसते की जरा," बाई म्हणाल्या.

"बसते काय? घर समजलात का? चला, निघा दोघं! रोजचंच आहे तुम्हा लोकांचं. उठा!"

त्याने दोघांना वॉर्डातून, जिन्यावरून आणि फाटकातून ढकलत बाहेर काढलं आणि वर फाटकाला कडी लावली. कागद मागितला नाही. भेटीला आलेल्यांकडे कागद कुठला? बाई फाटकाबाहेर एकदा थांबल्या आणि मला हात केला. मग मंडईच्या दिशेने निघाल्या, इतक्या भराभर की भावाला मागून पळावं लागलं.

मंगळवारच्या बैठकीत समितीने प्रकरणाचा सखोल अभ्यास केला. सहा शाखांनी चार दिवसांत, अकरा तुकड्या लावून जे साधलं नाही, ते एका वॉचमनने सात मिनिटांत केलं, ही बाब गंभीर मानली गेली. त्याला सातवी शाखा म्हणून सामील करून घेण्यासाठी अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आहे. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत वॉचमनला कोणालाही बाहेर काढायची मनाई आहे.

एक किरकोळ त्रुटी मात्र निघाली. अकराही फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'मागीलप्रमाणे' असं लिहिलेलं आहे. पहिल्या फॉर्मवरसुद्धा. बाईंना मुळात झालं काय होतं, हे सहासष्ट मुलांपैकी एकानेही विचारलं नाही. तरीही समितीने सर्वांना उत्तीर्ण केलं, कारण हा प्रश्न नेमका कोणत्या शाखेने विचारायचा ते ठरायचं आहे. तुम्हीही इथवर वाचत आलात, बाईंची कीव केलीत, बहुधा हसलातही, पण तुम्हीही विचारलं नाहीत. तेव्हा तुमचंही प्रमाणपत्र तयार आहे. येताना दोन फोटो आणा.