भिंतीपलीकडचा सोफा

भिंतीला भोक पाडायला काही अक्कल लागत नाही, असं माझं त्या गुरुवारच्या दुपारपर्यंत ठाम मत होतं. (आता मत असं आहे की अक्कल नसली तरच भोक पडतं. फक्त ते भलतीकडे पडतं.)

आमच्या हमदान शहरात अलवंदच्या डोंगरावर पहिला बर्फ दिसला की घरोघर दोन गोष्टी बाहेर निघतात. जाड रजया आणि नवऱ्याचा उद्धार. यंदा महलकानं, म्हणजे आमच्या हिनं, रजई काढलीच नाही, थेट उद्धारालाच हात घातला.

"नोसरत, या वर्षी बॉयलर आला नाही तर मी माहेरी जाऊन ऊब घेईन."

आला. प्रत्येक खोलीत गरम पाण्यानं तापणारे रेडिएटर बसले, आणि बॉयलर खोक्यासकट स्वयंपाकघराच्या मध्यभागी मोठ्या पाहुण्यासारखा येऊन बसला. तो बसवायला परवानाधारक फिटर शनिवारी यायचा होता. तोवर मी त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचून काढली, आणि जेवताना, चहा घेताना, दात घासताना महलकाला मोठ्यानं ऐकवली. जळका वायू नळीनं थेट घराबाहेर गेला पाहिजे. नळी खिडकीपासून लांब हवी. झोपायच्या खोलीत बॉयलर नको. शिवाय विषारी वायू ओळखणारा एक छोटा भोंगाही मी आणला.

इतकं सगळं नीट चाललं होतं. पण गुरुवारी हशमतमामा आले. हे महलकाचे मामा. आयुष्यात त्यांनी कधी कारागिराला घरात पाऊल टाकू दिलेलं नाही, आणि त्यांच्या घरातलं एकही दार कधी पूर्ण लागत नाही.

"ही डबी कशाला?" त्यांनी भोंगा कानाशी धरून हलवला.

"मामा, बॉयलर बिघडला तर विषारी वायू कळतो."

"मग मला नाक कशाला दिलंय देवानं?"

"त्या वायूला वासच नसतो."

"वास नाही तो कसला वायू! बरं ते जाऊ दे. बॉयलर फिटरच बसवू दे, पण नळीचं भोक तरी आपण पाडून ठेवू. भोकाला काय परवाना लागतो?"

पुस्तिकेत भोकाच्या परवान्याबद्दल खरंच काही नव्हतं. महलका भाजीला गेली होती. मी हो म्हणालो.

भिंत कुठली, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. साहजिकच होतं, मी सर्व्हेअरच्या कचेरीत कारकून आहे, दिवसभर नकाशेच लावत असतो. मी घराचा नकाशा ओट्यावर पसरला, फ्रिजशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणालो, "ही बाहेरची. पलीकडे गल्ली." मामांनी कुणाकडून तरी मागून आणलेलं अजस्र ड्रिल लावलं. कपाटातले पेले नाचले, साखरेचे खडे डब्यात उड्या मारू लागले, आणि लाल धुळीच्या ढगात आम्ही दोघं नाहीसे झालो. शेवटी 'फट्' आवाज झाला. मामांनी अभिमानानं भोकाला डोळा लावला.

"नोसरत, तुमच्या गल्लीत सोफा आहे?"

"तिसऱ्या मजल्यावर? सोफा?"

"हिरवा. वर झालरीची उशीसुद्धा आहे."

मी नकाशा उचलून पाहिला. ओट्यावर तो उलटा पसरला होता. पलीकडे गल्ली नव्हती, मोनीरखानमची बैठकीची खोली होती! मोनीरखानम म्हणजे आमच्या शेजारीण, एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या घरी चमचा पडला तर त्या भिंतीवर काठी आपटायच्या. मी मामांना बाजूला सारून भोकातून पाहिलं. सोफ्यावर त्या स्वतः बसल्या होत्या.

"माफ करा हं, खानम!" मी भोकात तोंड घालून म्हणालो. "थोडीशी चूक झाली."

उत्तर नाही. काठी नाही, शिवी नाही.

"रागावल्यात," मामा कुजबुजले. "अबोला धरलाय."

"मामा, या बाईनं अबोला धरला असता तर आम्ही गल्लीत पेढे वाटले असते."

मी पुन्हा हाक मारली. त्यांची मान एका बाजूला कलली होती, आणि त्यांच्यासमोरची खोली तापवायची गॅसची शेगडी भडकून जळत होती. मी पाहत राहिलो, तेवढ्यात भोकाजवळच्या फळीवर ठेवलेला भोंगा किंचाळायला लागला.

"ड्रिलच्या धुळीनं बिघडला!" मामांनी तो उचलून सेल काढायला झाकण उघडलं.

मी उभ्या जन्मात मोठ्या माणसाच्या हातातून काही हिसकावलेलं नाही. त्या क्षणी हिसकावलं.

"बिघडला नाही, मामा! तिकडून वायू येतोय! बाई झोपलेल्या नाहीत, गुदमरतायत! आधी इथली खिडकी उघडा, मग जिन्यात जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करा!"

"पण वास तर—"

"वास नसतो त्याला!"

बाईंच्या घराची किल्ली आमच्याकडे असते, त्या गावाला गेल्या की महलका कुंड्यांना पाणी घालते म्हणून. पण ती खुंटीवर नव्हती. मी जिन्याकडे धावलो, तर समोरून महलका भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. आमचे धुळीनं लाल झालेले चेहरे पाहून तिनं पिशवी सोडली.

"काय केलंत?"

"नंतर ओरड! मोनीरखानमची किल्ली!"

तिनं पर्समधून किल्ली काढली. मी दार उघडलं, श्वास कोंडून आत घुसलो, समोरच्या खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडीचा गॅस बंद केला. शेगडीची पत्र्याची नळी भिंतीतल्या धुराड्यातून निसटून लोंबत होती. सगळा विषारी वायू खोलीतच कोंडला होता. मग मी आणि महलकानं बाईंना बगलेत धरून बाहेर ओढलं. जिन्यातल्या गार हवेत त्यांच्या पापण्या हलल्या. मी त्यांचा हात धरून बसलो होतो.

ॲम्ब्युलन्स आली. बाईंना प्राणवायू लावून स्ट्रेचरवर घेताना त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"नोसरत," त्या मास्कमधून पुटपुटल्या, "माझ्या भिंतीला भोक तू पाडलंस?"

"हो, खानम."

"गाढवा," त्या म्हणाल्या आणि माझा हात घट्ट दाबला.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. कितीतरी दिवस बाईंचं डोकं दुखत होतं, त्या वय झालं म्हणून सोडून देत होत्या. ही बातमी मामांना कळली तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि स्वतःचं नाक चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरासाठी भोंगा आणला. (दोन आणले. एक नाकाला पर्याय म्हणून, असं स्वतःच म्हणाले.)

शनिवारी फिटर आला. या वेळी भिंत महलकानं दाखवली. नळी खऱ्या बाहेरच्या भिंतीतून गेली, खिडकीपासून लांब, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या बाजूला किंचित उताराची. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून झाला, एकही बुडबुडा आला नाही. गॅस कंपनीचा तपासनीस येऊन सगळं पाहून गेला आणि म्हणाला, "असं नीट काम क्वचित दिसतं." मी असा काही उभा राहिलो की जणू नळी माझ्याच पोटातून गेली आहे. बॉयलर पेटला, रेडिएटर एकामागून एक तापले, आणि महलका मोजे काढून अनवाणी घरभर फिरली. लग्नानंतर हिवाळ्यात मी तिची पावलं पहिल्यांदा पाहिली.

बाई घरी परतल्या त्या संध्याकाळी सगळी इमारत आमच्याकडे जमली. प्रत्येक मजल्यावरच्या शेगड्या, नळ्या, धुराडी मी आता पाहून यावीत असा आग्रह झाला. मोनीरखानमनी माझी इतकी तारीफ केली की मला कोटाची बटणं सैल करावी लागली. मी भरून आलेल्या छातीनं चहा आणायला आत गेलो. ट्रे घेऊन बाहेर आलो तर एकदम टाळ्यांचा कडकडाट! महलका तर सगळ्यांत जोरात वाजवत होती. मी ट्रे सावरत मान झुकवली, छातीवर हात ठेवला आणि गहिवरून म्हणालो, "आपला फार आभारी आहे. जिवात जीव असेपर्यंत आपली सेवा करीन."

आता बंद लिफ्ट, गळके नळ आणि जिन्यातला कचरा यांसाठी सकाळपासून आमचं दार वाजत असतं. मी आत चहा ओतत होतो तेवढ्यात त्यांनी मला इमारतीचा मॅनेजर निवडलं होतं.